पॅरिसहून मोर्व्हाँ: पहिल्या सामूहिक बाईक राइडची आखणी कशी करायची

पुण्याहून ताम्हिणी, कोल्हापूरहून आंबोली अशा राइड करून आलेली मंडळी नोकरी-शिक्षणासाठी पॅरिसला येतात आणि पहिला हिवाळा सरला की विचारायला लागतात, "शनिवार-रविवार बाईक काढून कुठे जाता येईल?" माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे: मोर्व्हाँ. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताच्या मधोमध पसरलेला हा जुना, झिजलेला डोंगराळ मुलूख. इथलं सर्वांत उंच शिखर ९०१ मीटरचं, म्हणजे महाबळेश्वरच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीचं. दाट जंगल, तळी, ओढे, पांढऱ्या गाईंची कुरणं आणि बऱ्यापैकी रिकामे रस्ते. वळणं भरपूर, पण छाती दडपवणारी नाहीत. पहिल्याच राइडला आल्प्सचा हट्ट धरणाऱ्यांना मी नेहमी थोपवतो. खोल दरी डाव्या हाताला, गाडी अनोळखी आणि रस्त्याची बाजूही उलटी, इतकं सगळं एकाच वेळी शिकायला घ्यायची गरज नाही.

खाली जे सांगतो आहे ते सगळं दोन गोष्टींभोवती फिरतं: गटातला सर्वांत नवखा चालक आणि घड्याळ. आखणी या दोघांना धरून केली की बाकीचं आपोआप जुळत जातं.

आधी माणसं मोजा

पहिल्या खेपेला सहा बाईक पुरेत, आठच्या वर जाऊ नका. जास्त मंडळी असतील तर दोन गट करा आणि जेवणाच्या ठिकाणी भेटा. प्रत्येकाला फोन करून चार प्रश्न विचारा: परवाना कोणता, उजव्या बाजूने किती चालवलं आहे, मागे कोणी बसणार का, आणि एका टाकीत गाडी किती जाते. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं सर्वांत कमी, त्याच्या टाकीवर सगळ्यांचे पेट्रोलचे थांबे ठरवायचे.

परवान्याच्या बाबतीत ढिलाई नको. भारतातून फिरायला येणाऱ्याने मूळ परवान्याबरोबर आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणायचा आणि त्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना, ते तिथेच पाहून घ्यायचं. फक्त कारचा शिक्का असेल तर इथे बाईक भाड्याने मिळणार नाही, आणि मिळाली तरी अपघात झाल्यावर विमा हात वर करेल. इथे राहायला आलेल्यांना सहसा भारतीय परवाना पहिलं एकच वर्ष चालतो. विद्यार्थ्यांचे नियम वेगळे आहेत. ज्यांनी फ्रेंच परवाना काढला आहे त्यांच्याकडे सुरुवातीला 'आ-दे', म्हणजे ३५ किलोवॉटपर्यंतच्या गाड्यांचा वर्ग असतो. मोर्व्हाँला तेवढी ताकद भरपूर झाली. साडेतीनशे सीसीची बुलेट इथे मजेत चालते.

भाड्याची गाडी घेताना टायरची नक्षी बघा, चेन हाताने ओढून बघा, आणि आधीपासूनचा प्रत्येक ओरखडा मालकासमोर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. अनामत रक्कम कार्डावर अडकते, त्यामुळे तेवढी मर्यादा शिल्लक असलेलं कार्ड हवं. अपघातात आपल्या खिशातून किती जाणार हा आकडा करारात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो वाचा.

तारीख

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर. मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या, शिवाय असेन्शनचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा गुरुवार असतो. त्यांना जोडून रजा टाकून अर्धं पॅरिस बाहेर पडतं. सरकारची 'बिझों फ्युते' नावाची सेवा कुठल्या दिवशी महामार्ग किती तुंबणार ते हिरव्या, नारिंगी, लाल आणि काळ्या रंगात आधीच जाहीर करते. लाल किंवा काळा दिवस दिसला तर तारीख बदला. जुलै संपून ऑगस्ट लागतो तो शनिवार तर टाळाच. एक सुट्टीवर निघणारी आणि एक परतणारी, अशा दोन्ही लाटा त्या दिवशी रस्त्यावर असतात.

मोठ्या राइडच्या आधी एका रविवारी सकाळी शव्हरझच्या खोऱ्यात अर्ध्या दिवसाची सराव राइड करा. पॅरिसच्या नैर्ऋत्येला आहे, तासाभरात पोचता. दांपिएर गावाजवळची 'सतरा वळणं' इथल्या सगळ्या बाईकवाल्यांना ठाऊक आहेत. तिथे वेग बघायचा नाही. कोण वळणात घाबरतं, कोण पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवतं, हे बघायचं. शनिवारी कोणाला कुठे उभं करायचं ते त्यावरून ठरतं.

रस्ता आखणं

कागदी नकाशा घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. मिशलँच्या नकाशावर ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ आहे तो रस्ता निसर्गरम्य, हे त्यांचं जुनं चिन्ह आहे आणि ते फार क्वचित फसवतं. फोनवरचा नकाशा आपल्याला सर्वांत लवकर पोचवायला बघतो. आपल्याला त्या हिरव्या रेघांवरून जायचं आहे. 'आ' (इंग्रजी ए) अक्षराचे रस्ते टोलचे महामार्ग, 'दे' अक्षराचे जिल्हा रस्ते. आपली खरी राइड 'दे' रस्त्यांवर.

शनिवारसाठी मी असं करतो. पॅरिसच्या आत जमायचंच नाही. प्रत्येकाने आपापल्या घरून ए६ महामार्गावर नमूरजवळच्या पेट्रोलपंप असलेल्या थांब्यावर साडेआठला यायचं, टाकी तिथे फुल्ल करायची, नऊला चाकं हलली पाहिजेत. महामार्गावरून ओसेरपर्यंत यायचं आणि तिथे महामार्ग सोडून द्यायचा. टोलला बाईकचा वर्ग पाचवा, दर कारपेक्षा कमी. पण हातमोजे काढा, पाकीट शोधा, परत मोजे घाला, यात एकेकाचं मिनिट जातं आणि मागे गाड्या खोळंबतात. कार्ड छातीच्या खिशात एकटं ठेवा, आणि टोल ओलांडून सुरक्षित जागी एकत्र या.

ओसेरहून पुढे आधी योन आणि मग क्यूर नदीच्या काठाकाठाने वेझले साधारण पन्नास किलोमीटर. टेकडीच्या माथ्यावर गाव, गावाच्या माथ्यावर मेरी मॅग्डलीनचं चर्च. १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. ११४६ मध्ये क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक इथेच दिली. गाड्या टेकडीच्या पायथ्याशी लावून चढत जा. बूट जड वाटतील, पण गल्ली चालण्यासारखी आहे. जूनच्या उत्तरार्धात गेलात तर आणखी एक गोष्ट बघायला मिळते. सूर्य डोक्यावर आला की खिडक्यांतून पडणारे प्रकाशाचे ठिपके चर्चच्या लांबीभर बरोबर मधोमध एका ओळीत उमटतात. बांधणाऱ्यांनी आठ-नऊ शतकांपूर्वी साधलेलं ते गणित अजून तसंच जमतं. उन्हाळी घड्याळामुळे ही वेळ पावणेदोनच्या आसपास येते, म्हणून त्या दिवशी जेवण बाराच्या ठोक्याला उरकायचं.

दुपारी वेझलेहून कारे-ले-तोंब, सँ-ब्रिसों आणि मग सेतों तलाव. अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, पण जंगलातला रस्ता आहे. थांबत थांबत तीन तास धरा. सँ-ब्रिसोंला मोर्व्हाँच्या निसर्ग उद्यानाचं मुख्य ठाणं आहे आणि तिथेच दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकार चळवळीचं संग्रहालय. ही जंगलं भूमिगत लढणाऱ्यांचा आसरा होती. जून १९४४ मध्ये जर्मन फौजेने जवळच्या दँ-ले-प्लास गावातल्या २७ पुरुषांना मारलं, मोंसोश जाळून टाकलं. आज आपण ज्या गावांतून गाड्या नेतो ती हीच गावं. स्मारकापाशी थांबलात तर इंजिनं बंद करा, आणि एरवीही गावातून जाताना वरच्या गिअरमध्ये, आवाज न करता जा. गावकरी बाईकवाल्यांवर चिडतात ते सायलेन्सरच्या आवाजामुळे.

सेतों तलावाची गोष्ट मला फार आवडते. पॅरिसच्या चुली आणि शेकोट्या कित्येक पिढ्या मोर्व्हाँच्या लाकडावर पेटत होत्या. ओंडके ओढ्यांत सोडायचे, क्यूर आणि योनमधून ते वाहत खाली यायचे आणि पुढे तराफे बांधून राजधानीला जायचे. त्या ओंडक्यांना रेटायला पाणी हवं म्हणून १८५४ मध्ये या धरणाचं काम सुरू झालं. आपण सकाळी महामार्गाने ज्या दिशेने आलो, त्याच्या बरोबर उलट ते लाकूड जात होतं.

रविवारी सेतोंहून शातो-शिनों, तिथून ओताँ, मग सोल्यो आणि अव्हालोंजवळ परत ए६. ओताँ हे रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावाने वसवलेलं शहर. रोमन वेशी आणि नाट्यगृहाच्या पायऱ्या अजून उभ्या आहेत. सकाळी पाऊस असेल किंवा मंडळी थकलेली दिसली, तर शातो-शिनों आणि ओताँ सोडून द्या आणि सेतोंहून थेट सोल्योला या. हा आखूड मार्ग आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे सकाळी वाद होत नाहीत.

हिशेबाला एक आकडा लक्षात ठेवा: 'दे' रस्त्यांवर गटाचा सरासरी वेग, छोटे थांबे धरून, ताशी ४५ ते ५० किलोमीटर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून लोक अंतर वाढवून ठेवतात. उजेड पुरतो, माणूस पुरत नाही.

जेवण आणि मुक्काम आधी, बाकी नंतर

फ्रेंच खेड्यात स्वयंपाकघर बारा ते दोन चालू असतं. दोन म्हणजे दोन. एकदा आमचा आठ जणांचा गट एका गावात दोन वाजून दहा मिनिटांनी पोचला. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आचारी बाई दारातल्या फळीवरचा खडूने लिहिलेला बेत ओल्या फडक्याने पुसत होत्या. फळीवर शेवटचा शब्द राहिला होता 'तार्त', तोही आमच्या डोळ्यांदेखत गेला. दुकानं बंद, बेकरी बंद. चर्चच्या कट्ट्यावर बसून दोन बिस्किटचे पुडे आठ जणांत वाटले आणि पुढची दोन तास उपाशीपोटी वळणं काढली. त्यात एकाने ओल्या पानांवर गाडी आडवी घातली. त्याला काही झालं नाही, पण भुकेलं डोकं ब्रेकला उशिरा पोचतं हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून मी आधी जेवणाची जागा फोनवर ठरवतो, मग मागे मोजत निघण्याची वेळ काढतो.

आठ जणांसाठी टेबल राखून ठेवावंच लागतं. रविवारी दुपारी तर घराघरांतली तीन पिढ्यांची कुटुंबं जेवायला बाहेर पडतात. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच हॉटेलं बंद. मुक्कामाला सेतोंच्या आसपास छोटी हॉटेलं आणि घरगुती खोल्या मिळतात. विचारताना दोन गोष्टी विचारा: गाड्या आत किंवा अंगणात लावता येतील का, आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडे मिळेल का. अंधारात पुन्हा बाईक काढून जेवण शोधत हिंडणं नको. जंगलातून हरणं आणि रानडुकरं नेमकी त्याच वेळी रस्त्यावर येतात.

शाकाहारी मंडळींनी राखीव करतानाच सांगायचं: 'सान व्हियांद, सान प्वासों', मांस नको, मासे नकोत. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर सॅलडमध्ये 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, येऊ शकतात. बर्गंडीत चीजचे फुगीर गुजेर सगळ्यांनाच चालतात, अंडं चालत असेल तर. आमच्या गटात प्रत्येकाच्या बॅगेत दशम्या किंवा धपाटे आणि थोडा चिवडा असतोच. मेपासून सप्टेंबरपर्यंत दोन दिवस सहज टिकतात. आणि दुकानात शिरताना मागणी करण्याआधी 'बोंझूर' म्हणा. तो न म्हणणारा माणूस इथे उद्धट ठरतो.

उजवी बाजू

शहरात चूक होत नाही, कारण पुढच्या गाड्या आपल्याला ओढून नेतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना. मी पहिल्या वर्षी एका शेताच्या कडेला पाणी प्यायला थांबलो, गप्पा झाल्या, किक मारावी तसा सहज निघालो आणि दोनशे मीटर डाव्या बाजूने गेलो. समोरच्या वळणातून ट्रॅक्टर आला. त्याने वेग कमी ठेवला होता म्हणून हे लिहितो आहे. त्या संध्याकाळी मी टाकीवर लाल चिकटपट्टीचा, उजवीकडे बोट दाखवणारा बाण लावला. नवख्या प्रत्येकाच्या टाकीवर तो आजही लावतो, आणि प्रत्येक थांब्यानंतर पुढचा माणूस हात वर करून "उजवीकडे!" ओरडतो.

दुसरा धोका वळणांत. आपल्याकडे उजव्या वळणात झुकलं की डोकं समोरच्याच्या बाजूला जातं. इथे ते डाव्या वळणात होतं. चाकं रेषेच्या आत असतात आणि हेल्मेट पलीकडे, म्हणून डाव्या वळणात रेषेपासून हात-दीड हात लांब राहायचं. घाटात हॉर्न वाजवून वळण घ्यायची आपली सवय इथे कामाची नाही. समोरचा हॉर्नची वाट बघत नसतो, म्हणून दिसेल तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग.

तिसरी गोष्ट उजवीकडच्याचा मान. चौकात काहीच पाटी किंवा रेघ नसेल तर उजव्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही बारकी असो आणि आपण मुख्य रस्त्यावर आहोत असं कितीही वाटो. खेड्यांत हे फार लागू पडतं. टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर आपला रस्ता मोठा, त्यावर काळी आडवी रेघ आली की तो मान संपला.

वेग: लाल कडेची गावाच्या नावाची पाटी आली की ५०, वेगळी पाटी नसली तरी. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ पासून ८०, काही जिल्ह्यांनी परत ९० केले आहेत, तेव्हा पाटी बघा. महामार्गावर १३०, पावसात ११०. नव्या परवानाधारकांना महामार्गावर मर्यादा याहून कमी. मद्याची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, नव्यांना ०.२. दुपारच्या जेवणात वाइन नाही, हा नियम आम्ही एकदाच ठरवला आणि पुन्हा चर्चा केली नाही.

हातमोजे २०१६ पासून सक्तीचे आहेत आणि त्यावर सीई ही युरोपीय सुरक्षा खूण लागते. नसेल तर ६८ युरो दंड. चमकतं जॅकेट जवळ ठेवणंही सक्तीचं, आणि गाडी बंद पडून उतरलात की ते अंगात हवं. कानात घालायचे इयरफोन चालत नाहीत, हेल्मेटमध्ये बसवलेला इंटरकॉम चालतो.

गटाने चालवणं

रस्ता ठाऊक असलेला माणूस पुढे. त्याच्या लगेच मागे सर्वांत नवखा, म्हणजे पुढच्याला आरशात तोच दिसतो आणि वेग त्याच्यानुसार ठरतो. सर्वांत अनुभवी माणूस शेवटी. फ्रेंच लोक या शेवटच्याला झाडू म्हणतात, मागे कोणी राहू देत नाही म्हणून. पंक्चरचं साहित्य आणि औषधपेटी त्याच्याकडे.

सरळ रस्त्यावर आडवेतिडवे चला: पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, आणि बरोबर पुढे असलेल्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. वळणांत ही रचना सोडून एकामागे एक. ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून करायचा. पुढचा गेला म्हणून मागचा गेला, यातून सर्वांत वाईट अपघात होतात.

गट तुटू नये म्हणून सगळ्यांनी चिकटून चालवायची गरज नसते. प्रत्येक वळणावर, जिथे मुख्य रस्ता सोडायचा असेल तिथे, पुढच्याच्या मागचा माणूस सुरक्षित जागी थांबतो आणि झाडू दिसेपर्यंत वाट बघून दिशा दाखवतो. मग तो झाडूच्या पुढे गटात शिरतो. पुढच्या फाट्यावर आता जो दुसरा आहे तो थांबतो. या पद्धतीत कोणालाही घाई करावी लागत नाही. नवख्याला असं एकट्याने थांबवू नका, त्याच्या जागी तिसऱ्याने थांबायचं.

उन्हाळ्यात रस्ता नव्याने केलेला असेल तर 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसते: सुटी खडी. पुढच्याने डावा हात खाली करून हलवायचा, सगळ्यांनी वेग आधीच कमी करायचा आणि खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. गोल चौकात, खास करून पंपाजवळ, डिझेल सांडलेलं असतं.

समोरून येणारा अनोळखी बाईकवाला डावा हात खाली करून दोन बोटं दाखवेल. तो नमस्कार आहे, परत करा. बाजूने जाऊ दिलेल्याचे आभार मानायला तो उजवा पाय बाहेर काढेल. लाथ नाही ती. वळणात मात्र हॅन्डल सोडू नका, मान हलवली तरी पोचते.

मोर्व्हाँत पंप विरळ आहेत. टाकी अर्धी झाली की भरा. बरेच पंप माणसाशिवाय, फक्त कार्डावर चालतात आणि आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतात, तेव्हा दोन जणांकडे दोन वेगवेगळी कार्डं ठेवा. अपघाताला ११२. दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली तर 'कोन्स्ता' नावाचा छापील फॉर्म दोघांनी मिळून भरायचा असतो, तो गाडीच्या कागदांबरोबरच असू द्या. महामार्गावर गाडी बंद पडली तर कठड्यापलीकडे जाऊन नारिंगी खांबावरून फोन करायचा. तिथे आपल्या ओळखीचा मेकॅनिक बोलावता येत नाही, नेमलेलीच गाडी येते.

रविवारची परत

रविवारी संध्याकाळी ए६ पॅरिसकडे तुंबतो. सोल्यो तीन वाजता सोडलं पाहिजे, म्हणजे गर्दी व्हायच्या आत बराच रस्ता सरलेला असतो. गाड्या रखडल्या तर रांगांमधून बाईक काढणं जानेवारी २०२५ पासून कायदेशीर आहे. अट अशी की रस्ता दुभाजकाचा, प्रत्येक बाजूला किमान दोन मार्गिका, वाहतूक तुंबलेली, आणि वेग ५० च्या आत, तेही सर्वांत डावीकडच्या दोन मार्गिकांमधूनच. नवख्यांनी हे करू नये. त्यांच्यासोबत झाडूने रांगेतच थांबायचं.

नमूरच्या थांब्यावर शेवटचा चहा-कॉफी घ्या आणि तिथेच निरोप घ्या, कारण पुढे प्रत्येकाची वाट वेगळी. घरी पोचल्यावर प्रत्येकाने गटावर 'पोचलो' लिहायचं. झाडूने सगळे आले की नाही ते मोजायचं, आणि तासाभरात कोणाचा निरोप आला नाही तर त्याला फोन लावायचा.